अतिथंड प्रदेशात एलएनजी प्रकल्प उभारणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळी तापमानं अंश सेल्सिअसमध्ये आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. एलएनजी प्रकल्पात नेमकं होतं काय?

एलएनजी म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू. नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की साध्या वातावरणीय दाबालाच त्याचा द्रव होतो आणि आकारमान सुमारे ६०० पटींनी घटतं. मग तो जहाजात भरता येतो. पण त्याआधी वायू साफ करावा लागतो. कार्बन डायऑक्साइड ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५० भागांच्या) खाली आणि पाणी १ पीपीएमच्याही खाली आणावं लागतं, कारण दोन्ही गोठून हीट एक्सचेंजरच्या नळ्या बंद करतात. पारा काढतात, कारण तो ॲल्युमिनियम खातो आणि मुख्य एक्सचेंजर बहुधा ॲल्युमिनियमचाच असतो. बेंझिनसारखे जड घटकही काढावे लागतात. शुद्ध बेंझिन तर अधिक ५.५ अंशालाच गोठतं. त्यानंतर शीतकाच्या, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या पदार्थाच्या, साखळीतून द्रवीकरण, टाकीत साठवण आणि जेट्टीवर भरणा. यातल्या सफाईपासून द्रवीकरणापर्यंतच्या साखळीला ‘ट्रेन’ म्हणतात. एका प्रकल्पात अशा एकाहून जास्त ट्रेन असू शकतात.

२. बाहेर उणे ४० असेल तर गॅस थंड करणं सोपंच जात असेल ना?

हो, आणि हा फायदा खरोखर मोठा आहे. शीतक बाहेरच्या हवेत किंवा समुद्राच्या पाण्यात उष्णता टाकतो. हवा जितकी थंड, तितका कॉम्प्रेसरवरचा भार कमी. शिवाय गॅस टर्बाइनला थंड, दाट हवा मिळते, त्यामुळे तापमान एक अंशाने उतरलं की ताकद साधारण अर्धा ते एक टक्का वाढते. यमाल एलएनजीच्या पहिल्या तीन ट्रेनची नेमप्लेट (डिझाइनमध्ये ठरलेली) क्षमता वर्षाला १६.५ दशलक्ष टन होती. २०२० मध्ये प्रत्यक्ष उत्पादन १८ दशलक्ष टनांच्या वर गेलं.

पण हिशेबाची दुसरी बाजू लगेच समोर येते. उणे १६२ ची थंडी इन्सुलेशनच्या आत, तिच्यासाठीच निवडलेल्या धातूत बंद असते. बाहेरची उणे ४५ ची थंडी मात्र बोल्ट, गॅस्केट, वंगण, माती, डिझेल आणि माणसांची बोटं सगळीकडे पोचते. अशा प्रकल्पात डिझाइनवाल्यांचा बहुतेक वेळ या दुसऱ्या थंडीवर जातो.

३. असे प्रकल्प उभे राहिले तरी कुठे?

अलास्कातल्या केनाय इथून १९६९ मध्ये जपानला एलएनजी जायला लागला. थंड प्रदेशातला हा सुरुवातीचा मोठा धडा. नॉर्वेत हॅमरफेस्टजवळ मेल्कोया बेटावरचा प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. रशियात सखालिन-२ (२००९), यमाल द्वीपकल्पावर साबेता इथे यमाल एलएनजी (पहिलं जहाज डिसेंबर २०१७) आणि समोरच्या गिदान द्वीपकल्पावर आर्क्टिक एलएनजी २.

यांना एकाच तराजूत तोलू नका. मेल्कोया सुमारे ७०.७ अक्षांशावर असूनही उबदार सागरी प्रवाहामुळे तिथलं बंदर गोठत नाही. साबेता जवळपास त्याच अक्षांशावर आहे, पण तिथे वर्षाचा मोठा भाग समुद्रावर बर्फ असतो आणि जमीन शेकडो मीटर खोल गोठलेली. ‘आर्क्टिक डिझाइन’ नावाचा तयार साचा नसतो. किमान तापमान, वारा, समुद्रबर्फ आणि माती हे चार आकडे आधी हातात घ्या, मगच बाकीचं.

४. कायम गोठलेल्या जमिनीवर पाया कसा घालतात?

पर्माफ्रॉस्ट, म्हणजे सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्याखाली राहिलेली जमीन, गोठलेली असेपर्यंत चांगला भार घेते. वितळली की बर्फाचं पाणी होतं आणि बांधकाम एकीकडे कलतं. म्हणून सूत्र एकच: जमीन गोठलेलीच ठेवायची.

त्यासाठी पाइल, म्हणजे जमिनीत खोल रोवलेले खांब, टाकून त्यांवर प्रकल्प जमिनीपासून उचलून धरतात. खालच्या मोकळ्या जागेतून हिवाळ्याचा वारा वाहतो आणि जमिनीतली उष्णता नेतो. बहुतेकदा आधी भोक पाडून, त्यात पाइल उभा करून, कडेची पोकळी वाळू-पाण्याच्या लगद्याने भरतात. हा लगदा गोठून पाइलला चिकटतो आणि या चिकटण्यावरच भार पेलला जातो. तो पुरता गोठण्याआधी पाइलवर वजन टाकायचं नाही. किती दिवस थांबायचं हे कॅलेंडर ठरवत नाही. भोकात सोडलेल्या थर्मिस्टरच्या माळेवरचं तापमान ठरवतं.

जिथे नैसर्गिक थंडी पुरत नाही तिथे थर्मोसायफन लावतात: बंद नळीत अमोनिया किंवा कार्बन डायऑक्साइड. हिवाळ्यात खालचा द्रव जमिनीची उष्णता घेऊन वाफ होतो, वरच्या पंख्यांपाशी पुन्हा द्रव होऊन खाली उतरतो. वीज लागत नाही. उन्हाळ्यात वरची हवा गरम झाली की नळी आपोआप थांबते. ट्रान्स-अलास्का पाइपलाइनच्या खांबांमध्ये अशा सुमारे १ लाख २४ हजार नळ्या आहेत.

चुका कुठे होतात? पहिली, खारी माती. किनाऱ्यालगतच्या गोठलेल्या मातीत मीठ असतं, त्यामुळे ती उणे २ अंशाला असूनही आत न गोठलेलं पाणी शिल्लक असतं आणि पाइलची पकड कमी पडते. नुसतं तापमान पाहून पाइलची लांबी ठरवली तर इथे फसायला होतं. क्षारता मोजलीच पाहिजे. दुसरी, वरचा थर. दर उन्हाळ्यात वितळून हिवाळ्यात गोठणारा हा थर पाइलला वर ओढतो, म्हणून हलक्या इमारतीचा पाइलही पुरेसा खोल लागतो. तिसरी चूक साधी आणि सर्रास होणारी: इमारतीखाली पाइलांच्या मधली मोकळी जागा. तिथे बर्फ साचू दिला किंवा सामान रचलं की वारा अडतो, बर्फाची गोधडी जमिनीला ऊब देते आणि दोन-तीन हिवाळ्यांत जमिनीच्या तापमानाचे आकडे चढायला लागतात. गळकी गरम पाण्याची लाइनही तेच करते.

डिझाइनमध्ये आजचं जमिनीचं तापमान धरू नका. प्रकल्पाच्या आयुष्याच्या शेवटी किती असेल तो अंदाज धरा. उणे ३ वरून उणे १ वर आलेली जमीन गोठलेलीच असते, पण पकड बरीच घटलेली असते.

५. एलएनजी टाकीच्या तळाशी हीटर असतात असं वाचलं. पर्माफ्रॉस्टवरही ते लावायचे?

सर्वसाधारण जमिनीवर टेकलेल्या टाकीला लावतात, कारण तिथे भीती उलटी असते: उणे १६२ च्या टाकीखालची ओली माती गोठून फुगेल आणि तळ उचलेल. पर्माफ्रॉस्टवर हीटर लावला तर पायच कापल्यासारखं होईल. तिथे टाकी पाइलवरच्या जाड स्लॅबवर उभी करतात आणि खालून हवा खेळती ठेवतात. हीटरची गरजच उरत नाही. खडकावर बसवलेल्या टाकीचा निर्णय वेगळा असतो, तो खडकातल्या पाण्यावर ठरतो.

६. कुठल्या तापमानाला कुठलं पोलाद?

ढोबळ मानाने असं:

साधं कार्बन स्टील पाइप उणे २९ पर्यंत. ए३३३ ग्रेड ६ हे चाचणी केलेलं कार्बन स्टील उणे ४५ पर्यंत. साडेतीन टक्के निकेलचं पोलाद सुमारे उणे १०० पर्यंत. त्याखाली ३०४एल स्टेनलेस, ॲल्युमिनियम ५०८३ किंवा टाकीच्या आतल्या भिंतीसाठी ९ टक्के निकेलचं पोलाद. ही तिन्ही उणे १९६ पर्यंत चालतात. इमारतीच्या सांगाड्यासाठी एस३५५एनएल: त्याची शार्पी आघात चाचणी उणे ५० ला होते आणि किमान २७ ज्यूल मिळावे लागतात. बोल्टसाठी नेहमीच्या बी७ ऐवजी ए३२० एल७.

मुख्य पाइपची कागदपत्रं सगळे तपासतात. तडा जातो तो मात्र पाइपवर वेल्ड केलेल्या कानाला, तात्पुरत्या उचलहुकाला, यू-बोल्टला, शिडीच्या कंसाला. कारण हा माल कुठल्या तरी दुकानातून साध्या ग्रेडचा आलेला असतो. मॉड्यूलला (दुसरीकडे बांधून आणलेल्या प्रकल्पाच्या भागाला, प्रश्न ७) जोडलेली प्रत्येक वस्तू, तात्पुरतीसुद्धा, त्याच तापमानाच्या यादीत घाला. तात्पुरते हुक कापून, जागा घासून, तडा-तपासणी करून मगच रंग द्या.

आणखी एक फसवी जागा म्हणजे दाब सोडतानाचं तापमान. पात्रातला दाब झपाट्याने उतरवला की आतला वायू स्वतःच थंड होतो. सुरुवातच उणे ४५ पासून झाली तर शेवट उणे ८० च्याही खाली जाऊ शकतो. ‘किमान तापमान’ म्हणजे नुसती हवामान खात्याची नोंद नव्हे. हा हिशेब त्यात धरूनच पोलाद ठरवा.

७. सगळं मॉड्यूलमध्ये का बांधतात? जागेवर बांधलं तर स्वस्त पडणार नाही का?

आर्क्टिकमधला एक मनुष्य-तास फार महाग पडतो: कामगाराचा प्रवास, मुक्काम, जेवण, ऊब, शिवाय वाऱ्यामुळे बुडालेले दिवस. तोच तास उबदार शिपयार्डात काढला तर खर्च उतरतो आणि वेल्डची गुणवत्ताही सुधारते. यमाल एलएनजीसाठी मुख्यतः आशियातल्या यार्डांत बांधलेली १४२ मॉड्यूल समुद्रमार्गे आणली गेली. मेल्कोयाला तर मुख्य प्रक्रिया भाग स्पेनमध्ये बार्जवर बांधून, बार्जसकट बेटावर आणून बसवला.

किंमत वेळेच्या शिस्तीत मोजावी लागते. बर्फ नसलेली समुद्राची खिडकी मोजक्या आठवड्यांची. ती हुकली तर मॉड्यूल पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अडकू शकतं. म्हणून यार्डातून ‘९५ टक्के पूर्ण’ मॉड्यूल पाठवायचं की थांबवायचं, हा निर्णय आधीच लिहून ठेवलेला बरा. उरलेले ५ टक्के काम साइटवर केलं तर ते यार्डातल्या हिशेबाच्या कित्येक पट तास खातं. केबल ओढणं आणि इन्सुलेशन ही दोन कामं तर यार्डातच संपवा. साध्या पीव्हीसी आवरणाची केबल कडाक्याच्या थंडीत वाकवली की तडकते.

८. हिवाळ्यात काँक्रीट आणि वेल्डिंग चालतं का?

चालतं, तंबूच्या आत. ताज्या काँक्रीटमधलं पाणी गोठलं की त्याची ताकद कायमची जाते. ते सुमारे ३.५ मेगापास्कलला पोचेपर्यंत एकदाही गोठता कामा नये, म्हणून पाणी आणि खडी तापवून मिसळतात, साच्याभोवती गरम हवेचं आच्छादन ठेवतात. गोठलेल्या जमिनीवर थेट ओतायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. उलट बाजूही आहे: काँक्रीट जमताना तापतं आणि ती उष्णता खालच्या पर्माफ्रॉस्टला लागते, म्हणून मध्ये इन्सुलेशन हवं.

वेल्डिंगमध्ये धातू आधी तापवून ओल घालवावी लागते. थंड पोलादावर वेल्ड झपाट्याने निवतो आणि हायड्रोजनमुळे तडे जातात. हे तडे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही उमटू शकतात, म्हणून तपासणी लगेच उरकू नका.

९. हायड्रोटेस्टचं पाणी तर गोठणार. मग दाबचाचणी कशी करायची?

पसंतीचा क्रम असा: जमेल तितकं यार्डात पाण्याने, जागेवरचे जोड उन्हाळ्यात पाण्याने, तेही शक्य नसेल तर ग्लायकॉल-पाण्याच्या मिश्रणाने, शेवटी हवेने किंवा नायट्रोजनने. प्रोसेस पाइपिंगच्या प्रचलित संहितेनुसार पाण्याची चाचणी डिझाइन दाबाच्या १.५ पट, वायूची किमान १.१ पट. वायूचा आकडा लहान दिसतो, पण दाबलेल्या वायूत साठलेली ऊर्जा पाण्याच्या कैक पट असते. थंड, ठिसूळ होऊ शकणाऱ्या पोलादात ती सुटली तर पाइप फुटून तुकडे उडतात. म्हणून धातूचं तापमान त्याच्या किमान मर्यादेच्या पुरेसं वर असल्याची खात्री करा, पायऱ्यापायऱ्यांनी दाब वाढवा आणि परिसर रिकामा ठेवा.

चाचणीनंतरचं वाळवणं इथे जास्त अवघड आहे. उबदार हवामानात खोलगट जागी राहिलेलं पाणी ड्रेन उघडला की वाहून जातं. इथे त्याचा बर्फ होतो आणि दवबिंदू मोजला तर ‘कोरडा’ दिसतो, कारण बर्फाची वाफ फार सावकाश होते. पुढे गरम वायू फिरला की तेच पाणी सुटतं आणि थंड भागात जाऊन बसतं. म्हणून पाइप गरम कोरड्या वायूने वाळवा आणि वायू थांबवून काही तासांनी दवबिंदू पुन्हा मोजा.

साठवण टाकीची पाणीचाचणी हे वेगळंच प्रकरण आहे. एलएनजी पाण्याच्या निम्म्याहून हलका असल्याने, त्याच्या १.२५ पट वजन येईल इतकंच पाणी भरतात, म्हणजे साधारण साठ टक्के उंचीपर्यंत. १ लाख ६० हजार घनमीटरच्या टाकीला तरी ते सुमारे ९० हजार घनमीटर होतं. ते भरणं, थांबणं, उपसणं सगळं उन्हाळ्यात बसलं पाहिजे. वेळापत्रक या एका चाचणीभोवतीच फिरतं.

१०. सी३एमआर घ्यावी की डीएमआर?

या द्रवीकरणाच्या दोन पद्धती आहेत. सी३एमआरमध्ये प्रोपेनने आधी सुमारे उणे ३५ पर्यंत थंड करतात, मग मिश्र शीतकाने पुढे. प्रोपेन वातावरणीय दाबाला उणे ४२ ला उकळतं, त्यामुळे त्याची मर्यादा तिथेच. बाहेर उणे ३० झालं की प्रोपेनच्या फेरीला फारसं काम उरत नाही. तिची टर्बाइन निम्म्या भाराने चालते आणि सगळा ताण मिश्र शीतकाच्या टर्बाइनवर येतो. डीएमआरमध्ये पहिली फेरीही मिश्रणाचीच असते. हिवाळ्यात त्यात इथेन वाढवलं की ती आणखी खाली पोचते आणि भार दोन्ही बाजूंना वाटला जातो. सखालिन-२ ने हीच निवडली.

तरी यमालच्या मोठ्या ट्रेन सी३एमआरवरच आहेत. तंत्र जास्त अनुभवलेलं आहे आणि मिश्र शीतकाच्या कॉम्प्रेसरचा एक टप्पा प्रोपेनच्याच शाफ्टवर बसवला की असमतोल बराच सावरता येतो. मेल्कोयाला तीन मिश्र शीतकांची साखळी आहे. यमालची ०.९ दशलक्ष टनांची चौथी ट्रेन इथेन आणि नायट्रोजनवर चालते. ती २०२१ मध्ये सुरू झाली. आमचं मत असं: उन्हाळा-हिवाळ्यातला फरक ५० अंशांहून जास्त असेल आणि हिवाळ्यातलं जादा उत्पादन विकता येणार असेल तर डीएमआर. जहाजंच ते उचलू शकणार नसतील तर या वादात अर्थ नाही.

११. विंटरायझेशनमध्ये नक्की काय काय येतं?

विंटरायझेशन म्हणजे यंत्रणेला हिवाळ्यात चालू राहील अशी करणं. यादी लांबलचक असते. पैसे वाया जातात ते सगळीकडे हीट ट्रेसिंग (पाइप उबदार ठेवणारी विजेची टेप) गुंडाळण्यात. आधी प्रश्न विचारा: यात पाणी आहे का? कार्बन डायऑक्साइड शोषणारं अमाईनचं द्रावण, ग्लायकॉल, सांडपाणी, अग्निशमन, आपत्कालीन शॉवर यांना ऊब लागते. कोरड्या वायूच्या लाइनला बहुधा लागत नाही.

सर्वांत आधी गोठतात त्या प्रेशर ट्रान्समीटरच्या, म्हणजे दाब मोजून कळवणाऱ्या यंत्राच्या, बारीक इम्पल्स नळ्या. पेन्सिलीएवढ्या जाडीची ही नळी मुख्य पाइपपासून दूर लोंबते, वाहता प्रवाह नसतो, ट्रेसिंगची टेप शेवटच्या फिटिंगपाशी दोन बोटं अलीकडेच संपलेली असते. तिथे बर्फाची गुठळी झाली की ट्रान्समीटर जुनाच दाब दाखवत राहतो आणि कंट्रोल रूमला सगळं सुरळीत वाटतं. उपाय: ट्रान्समीटर थेट पाइपला बसवा किंवा उबदार पेटीत घ्या, आणि ट्रेसिंगच्या प्रत्येक सर्किटचा करंट पहिल्या थंडीआधी मोजा.

इन्स्ट्रुमेंट एअरचा (व्हॉल्व्ह आणि उपकरणं चालवणाऱ्या दाबलेल्या हवेचा) दवबिंदू किमान तापमानाच्या निदान १० अंश खाली हवा. म्हणजे उणे ५० च्या जागी उणे ६०. साध्या एफकेएम रबराच्या ओ-रिंग उणे २० च्या आसपास कडक होतात, म्हणून कमी तापमानाचा प्रकार मागवा. गिअरबॉक्सचं वंगण सुरू करण्याआधी तापवा. अग्निशमनाची लाइन पर्माफ्रॉस्टमध्ये पुरता येत नाही, म्हणून पाणी तापवून सतत फिरतं ठेवतात आणि फवाऱ्याच्या शाखा कोरड्या ठेवतात. फवारा मारून झाल्यावर त्या शाखांतलं पाणी कोण, किती वेळात काढणार, हे ठरलेलं असलं पाहिजे.

१२. मग सगळा प्रकल्पच बंदिस्त का करत नाहीत?

कारण गळलेला गॅस बंदिस्त जागेत साठतो आणि पेटला तर स्फोटाचा दाब कित्येक पटींनी वाढतो. मोकळ्या प्रकल्पात वारा हीच सुरक्षा असते. तडजोड म्हणून वाऱ्याच्या बाजूला अडसर भिंती, वर आणि खाली मोकळं. कॉम्प्रेसर बंदिस्त करायचेच असतील तर ताशी १२ वेळा हवा बदलणारं वायुवीजन, गॅस डिटेक्टर आणि दाबाने उघडणाऱ्या भिंती लागतात. ती हवा तापवायचा खर्चही मोजा.

१३. उणे ४० ला टर्बाइनच्या हवेच्या तोंडावर फार बर्फ जमतो का?

उलट. हाडं गोठवणारी हवा कोरडी असते. खरा धोका अधिक ५ ते उणे ५ च्या दमट, धुक्याच्या दिवसांत. तोंडाशी हवेचा वेग वाढला की तापमान आणखी उतरतं आणि बर्फ धरतो. तो तुटून पात्यांवर आदळतो. म्हणून आत येणारी हवा तापवतात.

पण तापवणारी यंत्रणाही निष्काळजीपणे चालवायची नाही. मेल्कोयाला सप्टेंबर २०२० मध्ये आग लागली ती टर्बाइनच्या हवेच्या फिल्टरमध्ये. तपासात निघालेलं संभाव्य कारण असं, की बर्फरोधक उष्णतेमुळे फिल्टर दीर्घकाळ जास्त तापत राहिले आणि आपोआप पेटले. प्रकल्प जून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. टर्बाइन बंद असताना तापवणाऱ्या यंत्रणेची झडप बंद होते का, आणि फिल्टरपाशी तापमानाचा अलार्म आहे का, हे दोन मुद्दे यादीत हवेतच.

१४. ऐन हिवाळ्यात प्रकल्प बंद पडला तर?

दोन घड्याळं सुरू होतात. पहिलं पाण्याच्या लाइनचं: मुख्य वीज गेल्यावर ट्रेसिंग किती तास टिकतं? आपत्कालीन जनरेटरवर कुठली सर्किटं राहतील ती यादी आधीच केलेली असावी. दुसरं घड्याळ फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. शीतक बंद अवस्थेत बाहेरच्या तापमानाला येतं. उणे ५० ला प्रोपेनचा दाब सुमारे ०.७ बार, म्हणजे वातावरणापेक्षा कमी. सील किंवा फ्लॅंजमधून हवा आत खेचली जाते आणि पुन्हा सुरू करताना आत हवा-प्रोपेनचं मिश्रण असतं. ब्यूटेनच्या टाक्यांना तर हा त्रास शून्याच्या आसपासच सुरू होतो. म्हणून बंद पडताच नायट्रोजनने दाब टिकवा, पात्रं पूर्ण निर्वाताला टिकतील अशी घ्या, आणि सुरू करण्याआधी ऑक्सिजन मोजा.

१५. फ्लेअरमध्ये वेगळं काय?

फ्लेअर म्हणजे सोडावा लागणारा गॅस जाळून टाकणारी यंत्रणा. ओला आणि कोरडा फ्लेअर वेगळे ठेवा. ओला गॅस थंड हेडरमध्ये (फ्लेअरकडे नेणाऱ्या मुख्य पाइपमध्ये) शिरला की बर्फाचा बूच बसतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सुटला तरी वाट बंद. ओल्या हेडरला उतार, ट्रेसिंग आणि तापवलेला नॉकआउट ड्रम (गॅसमधला द्रव वेगळा काढणारं पात्र) हवा. वाफेवर चालणारा धूररहित टिप टाळा. वाफेचं पाणी टिपवरच गोठतं.

१६. बर्फाच्या वादळात गॅस डिटेक्टर चालतात का?

प्रकाशझोताचे लांब पल्ल्याचे डिटेक्टर हिमकणांनी अडतात आणि ‘झोत तुटला’ असा इशारा देत राहतात. लोक मग तो इशारा बंद करून टाकतात, हा खरा धोका. बिंदू-डिटेक्टर, गळतीचा आवाज टिपणारे अल्ट्रासॉनिक आणि झोतवाले असे मिश्रण वापरा, आणि झोतवाल्यांची काच तापती ठेवा.

१७. माणसं किती थंडीत काम करतात?

निर्णय वाऱ्यासह जाणवणाऱ्या तापमानावर घ्या. ते उणे ४५ च्या खाली गेलं की उघड्या त्वचेला काही मिनिटांत हिमदंश होतो. कामाच्या जागेपासून चालत पोचता येईल अशी उबदार खोली, ठरलेल्या पाळ्या, जोडीने काम. डिझाइनमध्येही याचा विचार हवा: जाड हातमोज्यात मावेल असं व्हॉल्व्हचं हँडल, जाळीदार पायऱ्या, आणि ध्रुवीय रात्रीचे सुमारे दोन महिने पुरेल असा प्रकाश.

१८. गोठलेल्या समुद्रातून जहाजं कशी जातात?

यमालसाठी बांधलेली आर्क-७ या बर्फफोड दर्जाची १५ जहाजं प्रत्येकी सुमारे १ लाख ७२ हजार घनमीटर एलएनजी नेतात. फिरत्या प्रॉपेलरची एकूण ४५ मेगावॉट ताकद असलेली ही जहाजं जाड बर्फात मागच्या बाजूने चालतात, २.१ मीटरपर्यंतचा बर्फ फोडतात. जहाज उशिरा आलं तर टाक्या भरतात आणि ट्रेनचा वेग उतरवावा लागतो. म्हणून साठवणक्षमता ठरवताना बर्फातल्या विलंबाचे दिवस धरतात. आर्क्टिक एलएनजी २ वर नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे निर्बंध आल्यावर अशा जहाजांची टंचाई हीच तिथली मोठी अडचण ठरली.

१९. प्रकल्प समुद्रतळावर बसवला तर जमिनीचा प्रश्नच मिटेल का?

पर्माफ्रॉस्टवरच्या पाइलचा बराचसा मिटतो. आर्क्टिक एलएनजी २ मध्ये सुमारे ३३० मीटर लांब आणि १५२ मीटर रुंद काँक्रीटचे पेटारे मुर्मान्स्कजवळ बेलोकामेन्का इथे बांधले, त्यांवर ६.६ दशलक्ष टनांची ट्रेन चढवली, टाक्या पेटाऱ्याच्या पोटातच ठेवल्या, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात पहिला पेटारा ओढत नेऊन तळावर बसवला. साइटवरचे मनुष्य-तास बरेच घटतात.

पण नवे प्रश्न येतात. तळ आधी खणून, सपाट करून, खडीचा थर द्यावा लागतो. बर्फाची ढकल बाजूच्या भिंतींवर येते. पाण्याच्या रेषेपाशी काँक्रीट सतत गोठतं-वितळतं, त्यामुळे तिथलं मिश्रण वेगळं लागतं. सगळी यंत्रं मर्यादित डेकवर दाटीवाटीने बसतात, म्हणजे प्रश्न १२ मधली स्फोटाची काळजी इथे दुप्पट. किनाऱ्यावरची विहीर, वायुप्रक्रिया आणि राहण्याची वसाहत मात्र पर्माफ्रॉस्टवरच राहते. त्यांच्यासाठी प्रश्न ४ जसाच्या तसा लागू.